आर. के. पुरमचा अर्धा श्रावण

दिल्लीत सरकारी क्वार्टर मिळालं की माणूस आपोआप धर्मशाळेचा मॅनेजर होतो, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. आर. के. पुरममध्ये वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि यांची नोकरी केंद्र सरकारच्या एका कचेरीत. ज्या नातेवाइकांना लग्नात आमची नावंही धड आठवत नव्हती, त्यांना आमचा पत्ता मात्र तोंडपाठ होता. मामेसासऱ्यांचे साडू, नणंदेच्या शेजारीणबाई, कुणाचे तरी निवृत्त हेडक्लार्क. "कुतुबमिनार बघू आणि निघू" म्हणत यायचे आणि आठवडाभर आमच्या दिवाणावर घोरायचे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत.

पर्यटन वाढलं की स्थानिक लोकांची भरभराट होते, असं हे एकदा ऑफिसातला कुठलासा रिपोर्ट वाचून म्हणाले. मी तेव्हा पाहुण्यांसाठी पुन्हा कणीक मळत होते. म्हटलं, "हो का? मग स्थानिक लोकांपैकी एकाने उठून बूथवरून दूध घेऊन या." हे मुकाट्याने पिशवी घेऊन गेले. माझा स्वभाव तिखट आहे हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि त्यात बदल होण्याची आशा आम्ही दोघांनी सोडून दिली आहे.

तर अशाच एका पाहुण्याने एकदा आपल्याबरोबर एक गृहस्थ जेवायला आणले. महाराष्ट्रातून बसभर माणसं घेऊन उत्तर भारत दाखवणाऱ्या एका टूरचे ते मॅनेजर होते. पोळ्या वाढता वाढता माझा हात दुखला, पण त्यांचा थांबेना. मग ढेकर देऊन म्हणाले, "ताई, आमच्या लोकांना ताजमहाल आवडतो, गंगा आवडते, पण घरी जाऊन सांगतात काय, तर जेवणाचे हाल झाले. रोज उठून राजमा आणि ती चामड्यासारखी रोटी. चाळीस माणसांचं आपलं जेवण दिल्लीत कुणी करून देईल का हो?"

दुसरी वेळ असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे खालच्या वहिनी आल्या.

खालच्या वहिनी म्हणजे आमच्या खाली तळमजल्यावर राहणाऱ्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान आदल्या हिवाळ्यात नोकरीत असतानाच गेले. सरकार अशा घराला काही मुदत क्वार्टर ठेवू देतं, ती डिसेंबरात संपत होती. एकुलती एक मुलगी बारावीला, तिची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. अनुकंपेच्या नोकरीचा अर्ज टाकलेला होता, पण त्या रांगेत आधीच अर्धी दिल्ली उभी होती. गावाहून दिरांची पत्रं येत होती की आता तिथे राहून काय करायचं, इकडे या, पोरीसाठी एक चांगलं स्थळही पाहून ठेवलं आहे. वहिनी माझ्याकडे एकच गोष्ट बोलत. "तिची बारावी होऊन ती कॉलेजात जाईपर्यंत मला दिल्ली सोडायची नाहीये." रस्त्यापलीकडे मुनिरक्यात एक खोली पाहून ठेवली होती. पेन्शनमध्ये शाळा आणि पोट भागत होतं, खोलीचं भाडं भागत नव्हतं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

म्हणून मी मॅनेजरांना म्हटलं, "होईल. बिल्कुल होईल."

क्वार्टरमध्ये धंदा करायला परवानगी नसते, तेव्हा सेक्टरातल्या आपल्या मराठी मंडळाचा हॉल मागितला. तिथे गणपतीच्या वेळची मोठी पातेली होती आणि एक पंखा होता, जो फिरण्यापेक्षा आवाज जास्त करायचा. पंखा दुरुस्त करून देऊ या बोलीवर मंडळाने हॉल दिला. वहिनी, मी आणि कॉलनीतल्या आणखी तिघी अशा जमलो. मॅनेजरांनी साफ सांगितलं होतं, "ऑगस्टात माझी एक बस येतेय, सगळी रिटायर मंडळी. त्यांना एकदा जेवू घाला. खूश झाले तर दिवाळीपासून माझ्या सगळ्या बसचं दिल्लीतलं जेवण तुमच्याकडे. नाही तर माझा स्टेशनजवळचा हॉटेलवाला आहेच." वहिनींनी ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मुनिरक्याच्या मालकाला जाऊन सांगून आल्या की खोली दिवाळीपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका.

बस आली ती राखी होऊन गेल्यानंतरच्या सोमवारी. आम्ही पहाटेपासून हॉलवर होतो. मेनू माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता. कोवळी काटेरी वांगी भरून केलेली, मसालेभात, लसणाची चटणी, कांद्याची कोशिंबीर, श्रीखंड आणि पातळ पोळ्यांची चळत. दमट उकाड्यात आमच्या साड्या अंगाला चिकटल्या होत्या, पण वास असा सुटला होता की कॉलनीतला इस्त्रीवाला दोनदा येऊन विचारून गेला, "शादी है क्या, भाभीजी?"

बसमधून सगळ्यात आधी एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उतरल्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. सगळी बस त्यांना नुसतं 'बाई' म्हणत होती आणि त्या वळल्या की वळत होती. हॉलच्या दारात त्या थांबल्या. नाकाने हवा ओढली.

"वांगी केलीत?"

"हो!" मी उत्साहाने म्हटलं. "भरली वांगी. कांदा, लसूण, खोबरं, सगळं आपल्याकडचं."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतला बाक आठवला. "अहो, आज श्रावणी सोमवार आहे."

मागे उभ्या असलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणी नाकाला पदर लावला. आमच्या तोंडचं पाणी पळालं.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण असली चूक पुण्यात कुणी करणार नाही आणि दिल्लीच्या माणसाकडूनही होणार नाही. ती करायला दिल्लीतलाच मराठी माणूस हवा. इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीला संपतो. आपला अमावास्येनंतर लागतो आणि राखीनंतरही पंधरा दिवस चालतो. इकडच्या शेजारणींनी कांदा-लसूण बंद केला की आम्ही म्हणायचो, आमचा श्रावण अजून लागला नाही. आणि राखी झाली, त्यांच्या कढईत कांदा पडला, की आम्हीही म्हणायचो, झाला बाई श्रावण. सुरुवात आपल्या पंचांगाने आणि शेवट त्यांच्या. असं कुणी ठरवलं नव्हतं. भिंतीवर किराणावाल्या लालाचं कॅलेंडर, मुलांना मराठी महिने येत नाहीत, भाजीवाला काय आणतो त्यावर स्वयंपाक. हळूहळू आमचा श्रावण पंधरा दिवसांचा होऊन बसला होता. आम्ही पाच जणी त्या हॉलमध्ये होतो आणि एकीलाही काही खटकलं नव्हतं.

मॅनेजर घाम पुसत आत आले. "ताई, अर्ध्याहून जास्त लोकांचा उपास आहे. त्यांना मी काय हॉलच्या भिंती खायला घालू?"

"तुम्ही तिकडूनच आलात ना?" मी भडकले. "तुम्हाला का नाही आठवलं?"

"मी वर्षाचे दहा महिने बसमध्ये असतो. मला वार आठवत नाही, श्रावण कुठला आठवणार!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी हॉटेलवाल्याला फोन करतो. राहू द्या तुमचं."

वहिनी झारा हातात घेऊन उभ्या होत्या. "गेलं," एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. राग इतका आला होता की कुणावर काढू ते कळत नव्हतं. मॅनेजरवर, लालाच्या कॅलेंडरवर, मार्चमध्येच परीक्षा ठेवणाऱ्या बोर्डावर, आणि असं अवेळी जाणाऱ्या त्या बिचाऱ्या माणसावरसुद्धा. पण रागाचा एक फायदा असतो, माणूस घाबरायचं विसरतो. मी तडक बाहेर गेले आणि सगळ्या बससमोर उभी राहिले.

"हे बघा," मी म्हटलं, "चूक आमची झाली. दिल्लीत राहून राहून आमचा श्रावण निम्मा झालाय." आणि वर जे सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं, काही लपवलं नाही. "आम्ही काही हॉटेलवाले नाही. सरकारी नोकरांच्या बायका आहोत. तुम्हाला घरचं जेवायला घालायचं म्हणून पहाटेपासून राबतोय. थोडा वेळ द्या. उपासाचं करून वाढते. मिळालं नाही तर खुशाल शिव्या द्या."

मग बाईंच्या चेहऱ्यावरची इस्त्री जरा मोडली. "म्हणजे महादेवालाही तुम्ही अर्धपगारी रजेवर पाठवता की काय?"

सगळी बस हसली. सरकारी माणसं होती निम्मी, त्यांना तो विनोद लगेच कळला. मी मागे वळून पाहिलं तर वहिनी गायब. वाटलं, घरी जाऊन रडत बसल्या असणार.

पण त्या लालाच्या दुकानात गेल्या होत्या. साबुदाणा भिजायला वेळ लागतो, तो प्रश्नच नव्हता. जन्माष्टमी जवळ आली होती, ती मात्र इकडच्या आणि आपल्या पंचांगात एकाच दिवशी येते, आणि लालाने व्रताचा सगळा माल भरून ठेवला होता. वहिनी ऑटोतून उतरल्या त्या सामक के चावल, शेंगदाणे, सैंधव आणि बटाटे घेऊन. सामक म्हणजे आपली वरई. "लाला म्हणतो, बहनजी, व्रत तो जन्माष्टमी को है, आप आज ही ले जा रही हैं?" धापा टाकत त्यांनी सांगितलं आणि लगेच कढई चढवली.

मग जे झालं त्याची मला आजही गंमत वाटते. बाईंनी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांच्यामागे आणखी पाच-सहा जणी. एकीने दाणे भाजले, एकीने कुटले, एकीने आपल्या पिशवीतून आमसुलं काढली. प्रवासात पित्त होतं म्हणून ती आमसुलं घेऊन फिरत होती. वरईचा भात, दाण्याची आमटी, जिऱ्याची बटाट्याची भाजी, दही. वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यांत. आणि त्या वांग्यांचं काय झालं म्हणाल, तर वास घेऊन घेऊन बऱ्याच पुरुषांना अचानक आठवलं की आपल्याकडे सोमवार फक्त बायको धरते. पातेलं चाटून पुसून गेलं. बाईंनी एकेकाकडे डोळे वटारून पाहिलं, पण तोवर उशीर झाला होता.

दुपार निभावली, तरी माझा जीव अजून टांगलेलाच होता. दिवाळीच्या बसबद्दल मॅनेजरांनी अजून शब्द दिला नव्हता. पाहुण्यांना बसमध्ये बसवता बसवता ते म्हणाले, "चला, आता कुतुब, मग एम्पोरियम, मग मथुरेकडे." सोमवारी लाल किल्ला बंद, म्हणून ती वेळ त्यांनी शालींच्या दुकानाला दिली होती. कुठल्याही टूरवाल्याला विचारा, अशा दुकानात पाहुण्यांनी काही घेतलं की टूरवाल्याचाही त्यात वाटा असतो. ती काही चोरी नव्हे, त्या धंद्याची रीतच आहे.

तेव्हा वहिनी पुढे आल्या. त्या चार माणसांत कधी बोलत नसत. "संध्याकाळी इथे या," त्या म्हणाल्या, मॅनेजरांना नाही, थेट बाईंना. "सोमवार सोडायला बसवते सगळ्यांना. कांदा-लसूण काही नाही. दिवे लागायच्या आत पानं मांडते."

"संध्याकाळचं यात धरलेलं नाही," मॅनेजर घाईने म्हणाले. "आणि एम्पोरियम..."

"मला शाल नको," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे निरोप समारंभांच्या शाली आहेत, कपाट भरून. मला उपास नीट सोडायचाय." आणि बसमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्यामागे बाकीच्या बायकाही 'हो हो, आम्हालाही' करत चढल्या. मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

संध्याकाळी आम्ही हॉल धुऊन काढला. भाजीवाल्याकडे अरबीचे पत्ते होते, त्यांचं अळू केलं. भेंडी, मुगाची उसळ, वरण-भात, तूप, लिंबू, केळं घालून शिरा. यांना ऑफिसातून आल्या आल्या कॉलनीतल्या बेलाच्या झाडाखाली पाठवलं. पुढच्या भिंतीशी महादेवाची तसबीर ठेवली, समई लावली, पत्रावळींभोवती रांगोळी काढली. बस आली, मंडळी हातपाय धुऊन आत आली आणि दारातच घुटमळली. एक म्हातारी आजी रांगोळीकडे बघून डोळे पुसायला लागली. लग्न झाल्यापासून एकही श्रावणी सोमवार तिने घराबाहेर सोडला नव्हता, आणि या प्रवासाला निघाल्यापासून तिला तीच काळजी लागली होती. सगळ्यांनी बेल वाहिला, नमस्कार केला आणि पंगत बसली. वहिनी वाढत होत्या, मी तुपाची वाटी घेऊन मागे. कोण कुठल्या गावचं, कुणाची लेक कुठे दिली, सगळं वाढता वाढता निघालं. ती पंगत बघून मला इतकं भरून आलं की तुपाचा हात जरा सैलच सुटला.

मॅनेजर कोपऱ्यात जेवत होते. पहिल्यांदाच त्यांच्याकडे कुणी तक्रार घेऊन येत नव्हतं. हात धुऊन ते वहिनींसमोर उभे राहिले. मी कान टवकारले.

"दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बस सुरू होतात," ते म्हणाले. "पुढे थंडीभर चालू. तुम्हाला जमेल?"

"जमेल," वहिनी म्हणाल्या.

"पण आधी पंचांग बघत चला."

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उपड्या पिंपावर बसले आणि खदखदून हसले. त्या माणसाला काही भक्तीचा उमाळा आला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. जेवणाची कटकट संपली तर आपलं निम्मं काम संपलं, हा त्याचा सरळ हिशेब होता. असेना का! आमचं काम झालं.

दिवाळीपासून बस येऊ लागल्या. मंडळाच्या हॉलचा पंखा फिरू लागला, मग दुसराही आला. भाजीवाला आम्ही यायच्या आधीच अळू बाजूला काढून ठेवायचा. आमच्यातल्या एकीने स्वतःच्या पैशाने शिलाई मशीन घेतलं आणि नवऱ्याला ते घेतल्यावर सांगितलं. माझ्या घरचे फुकटे पाहुणे काही कमी झाले नाहीत, पण त्यांना आता मी हॉलवर पोळ्या लाटायला नेत असे, त्यामुळे मुक्काम आपोआप आटोपते व्हायचे. आणि गावाकडून मराठी कॅलेंडर मागवलं. आमच्या मुलांना जे आम्हाला शिकवता आलं नव्हतं, ते धंद्याने आम्हालाच शिकवलं. पुढच्या वर्षी आर. के. पुरमचा श्रावण पुन्हा महिन्याचा झाला. फक्त वहिनींनी मुलीला हॉलची पायरी चढू दिली नाही. "तू पुस्तक घेऊन बस," एवढंच.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, क्वार्टर सोडायच्या आठवड्यात, गावाहून दीर आले. भला माणूस, पण एकदा ठरवलं की ठरवलं. येतानाच परतीची तीन तिकिटं काढून आणली होती. वहिनींनी त्यांना चहा दिला. मी तिथेच होते, मुद्दामच.

"भावोजी, मी येत नाही," वहिनी म्हणाल्या. "खोली घेतलीय पलीकडे. पोरीचं इथेच पुरं करणार."

"खोली? कुणाच्या जिवावर?"

वहिनींचा आवाज चढला नाही. "उद्या दुपारी बस येतेय, चाळीस पानं आहेत. तुम्हीही थांबा. जेवून मग बोलू."

दुसऱ्या दिवशी दीर पंगतीला बसले. शेजारच्या पानावर त्यांच्याच तालुक्यातला एक शेतकी अधिकारी निघाला. तो जेवताना वहिनींना हाक मारून म्हणाला, "अहो ताई, अशी पोळी आमच्या घरीही मिळत नाही." दीर पंगतीत इकडून तिकडे वाढणाऱ्या वहिनींकडे बघत राहिले. मग त्यांनी आणखी भात मागितला.

संध्याकाळी मी त्यांना घेऊन स्टेशनवर गेले, कारण त्यांना हिंदी येत नव्हतं. रांग लांब होती. त्यांनी खिशातून तिकिटं काढली, एक स्वतःकडे ठेवलं आणि बाकीची मुकाट्याने माझ्या हातात दिली. खिडकीतल्या बाबूने चष्म्यावरून पाहून विचारलं, "दो कैंसल?"

"जी," मी म्हटलं, आणि ते इतक्या आनंदाने म्हटलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं.